एकमताने ह्युमिडिफायर

माझ्या नवऱ्याने मला एकदा पाहिलं, एक कप चहा घेतला आणि लग्नाला होकार देऊन टाकला. त्याच माणसाने टोस्टर घ्यायला अख्खं वर्ष घालवलं. आमच्या घरात बायको चटकन ठरते, प्लग असलेली वस्तू ठरत नाही.

दोष रक्तात आहे आणि नोकरीतही. नवरा एका कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख आहे. तीन कंपन्यांची तुलना झाल्याशिवाय त्याच्या टेबलावरून नट-बोल्टसुद्धा पुढे सरकत नाही. सासरे वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. ते निवृत्त झाले, त्यांची नजर झाली नाही. भाजीवाल्याच्या काट्याकडे ते अजूनही असे बघतात की तो बिचारा आपणहून एक टोमॅटो जास्त टाकतो. एकदा या सासऱ्यांनी कोणालाही न विचारता पायांना मसाज करणारं यंत्र आणलं. यंत्राने पहिल्याच दिवशी त्यांचे पाय धरले ते सोडेचना. शेवटी मी वायर उपटली. त्या दिवसापासून घरात नियम झाला: प्लग असलेली वस्तू घ्यायची तर आधी गरज सिद्ध झाली पाहिजे, मग तुलना, आणि मग रविवारच्या बैठकीत एकमत. बैठकीला सासूबाई आणि मीही असतो. चहा आम्हीच करतो ना.

माझं काम आवाजाचं. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणारी बाई तुम्ही ऐकली असेल, ती मी. बँकेला फोन लावल्यावर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणून तुमचं रक्त उकळवते, तीही मीच. इतकी वर्षं माझ्या तोंडी चार शब्दांपलीकडे कोणी काही दिलं नव्हतं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा एक अख्खी कादंबरी वाचायला मिळाली. चांगली जाडजूड, एका म्हाताऱ्या नावाडिणीची गोष्ट, तिच्याच तोंडून सांगितलेली. ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या स्टुडिओने तीन जणींचे आवाज घेऊन पाहिले आणि काम मला दिलं. मला इतका आनंद झाला होता की मी घरी येताना जिन्याने आले. लिफ्टमध्ये स्वतःचंच ऐकायची इच्छा नव्हती.

आणि नेमकी थंडी पडली. खिडक्या बंद, खोल्याखोल्यांत हीटर, हवा अशी कोरडी की स्वेटर काढताना ठिणग्या उडायच्या. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली असायची. घसा खवखवायला लागला, मग खोकला, मग आवाजाला चरे पडले. एरवी हे कोणाला कळलंही नसतं, पण माईकला सगळं ऐकू येतं. तोंड कोरडं असलं की शब्दाशब्दाला आत टिक टिक वाजतं.

“ताई, नावाडीण पाण्यात आहे ना?” ध्वनिमुद्रक काचेपलीकडून म्हणाला. तो मुळातच तुसडा. “वाळवंटात असल्यासारखी वाटतेय.”

डॉक्टरांनी घसा पाहिला आणि सांगितलं, औषध कमी आणि ओलावा जास्त हवाय, झोपायच्या खोलीत एक ह्युमिडिफायर लावा. डॉक्टरांनी किती सहज सांगितलं! त्यांना आमचं घर माहीत नव्हतं.

मी विषय रविवारी काढला. नवऱ्याचे डोळे चमकले. त्याला नवीन वस्तू आवडत नाहीत, नवीन वस्तूंची तुलना आवडते. त्याने लॅपटॉप उघडला आणि मला वाटलं, चला, निदान सुरुवात तरी झाली.

“थांब,” सासरे म्हणाले. “गरज सिद्ध झाली का?”

मी खोकले. मुद्दाम नाही, आलाच खोकला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मला वाटलं. पण सासऱ्यांचा काकणावर विश्वास नाही, आरशावर आहे.

“खोकला म्हणजे माप नव्हे,” ते म्हणाले. “हवेत ओलावा किती आहे ते आधी मोजलं पाहिजे. अंदाजाने यंत्रं आणायला हे काय खेळण्यांचं दुकान आहे?”

दोनच दिवसांत त्यांनी त्यांच्या जुन्या खात्यातल्या कोणाकडून तरी आर्द्रतामापक मिळवला. पितळी कडं, पांढरी तबकडी, बारीक काळा काटा. वस्तू देखणी होती. आणि तिला प्लग नव्हता, त्यामुळे बैठकीची गरज पडली नाही. सासऱ्यांनी जागा शोधायला सगळी दुपार घेतली. शेवटी आपल्या खुर्चीतून चष्मा न बदलता दिसेल अशा ठिकाणी, बाथरूमच्या दाराशेजारच्या भिंतीवर, त्यांनी तो टांगला. त्या भिंतीखालीच आमचा कपडे वाळत घालायचा स्टँड. थंडीत कपडे बाहेर वाळत नाहीत, तेव्हा त्यावर कायम कोणाची ना कोणाची ओली पँट लोंबत असते.

काटा पन्नासच्या पुढे जाऊन विसावला.

“उत्तम,” सासरे म्हणाले. “माणसाला चाळीस ते साठ लागतं. घर अगदी मापात आहे.”

“बाबा, तिथे ओले कपडे असतात,” मी म्हटलं. “तिथली हवा दमटच असणार.”

“कपडे याच घरातले ना?”

“हो.”

“मग हवाही याच घरातली.”

“निदान एकदा झोपायच्या खोलीत लावून बघू या?”

“जागा बदलली की आधीच्या नोंदी वाया. मोजमापात सातत्य लागतं, सूनबाई.” हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण तिथे मापक होता.

त्या दिवसापासून घरात माझ्या घशाची चौकशी बंद झाली आणि काट्याची सुरू झाली. मी खोकले की सासरे मान वळवून तबकडीकडे बघायचे आणि समाधानाने पेपरात परत शिरायचे. नवरा कामावरून फोन करायचा, “आज किती आहे?” मी सांगायचे, फार दुखतंय. तो म्हणायचा, “नाही, काटा किती आहे?”

तरीही ‘भविष्यकालीन शक्यता’ म्हणून नवऱ्याने तुलना चालू ठेवली. ह्युमिडिफायर तीन जातींचे असतात हे मला तेव्हा कळलं. एक पाणी उकळून वाफ सोडतो, दुसरा पाणी थरथरवून गार धुकं करतो, तिसरा ओल्या जाळीतून पंख्याने हवा सोडतो. नवऱ्याच्या तक्त्यात टाकीचा आकार होता, आवाज होता, हमीची मुदत होती, दिव्याचा रंगही होता. माझा घसा कुठल्याच रकान्यात नव्हता.

दुसऱ्या रविवारी धाकटे दीर आले. ते खालच्याच मजल्यावर राहतात आणि विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारतात. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना होऊ घातलेला अपघात वाटते. ते वस्तूबद्दलची फक्त वाईट मतं वाचतात, कारण चांगली मतं पैसे देऊन लिहून घेतलेली असतात असं त्यांचं म्हणणं.

“उकळणारा नको. एकाच्या पायावर सांडला, पाय भाजला.”

“बरं,” नवऱ्याने एक रकाना लाल केला.

“जाळीवाला नको. जाळीला बुरशी येते. ती फुफ्फुसात जाते.”

“बरं.”

“थरथरणारा तर नकोच. पाण्यातला क्षार हवेत उडतो आणि घरभर पांढरी भुकटी बसते. एका बाईच्या काळ्या पियानोचा पांढरा झाला.”

“आपल्याकडे पियानो नाही, भाऊजी,” मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

“उद्या घेतला तर?”

सगळा तक्ता लाल झाला. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू माझ्याचसाठी त्याने तिन्ही शत्रू गारद केले. मग सल्ले सुरू झाले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, मध चाट, हीटरवर पाण्याचं पातेलं ठेव. पातेलं मी ठेवलंही. सासरे त्यात अडखळले आणि ते ‘असुरक्षित’ म्हणून रद्द झालं. राहता राहिलं ते सगळ्यांचं आवडतं, प्लग नसलेलं, एकमताचं औषध: “पाणी पी.”

दरम्यान माझ्या खोकल्याने नवऱ्याची झोपमोड व्हायला लागली. हा प्रश्न मात्र त्याच दिवशी सुटला, ना तुलना ना बैठक. इस्त्रीचं टेबल, सगळ्यांचे बूट, जुन्या बॅगा अशा सामानाची एक चिंचोळी खोली आहे आमच्याकडे. तिथे घडीची खाट टाकून माझी रवानगी झाली. “तुलाच शांतता मिळेल,” नवरा म्हणाला. झोपताना तो दाराबाहेरून विचारायचा, “पाणी घेतलंस ना?” दार त्याने कधी उघडलं नाही. मला फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटलं की घसा आणखी दाटतो, म्हणून मी तेही करायचं टाळत होते.

आणि मग स्टुडिओत घोडं अडलं. ध्वनिमुद्रकाने मला आधी पहिलं प्रकरण ऐकवलं, मग त्या दिवशी वाचलेलं.

“दोन बायका आहेत,” तो म्हणाला. “पुस्तक मी एकीला दिलं होतं.”

“मी परत वाचते.”

“परत वाचून घसा बदलणार आहे का? हे बघा ताई, पुढच्या आठवड्यापर्यंत पहिली बाई परत आली तर ठीक. नाहीतर सगळं पुस्तक मी दुसरीकडून पहिल्यापासून वाचून घेतो.”

ती दुसरी मला माहीत होती. चांगली वाचते, पण प्रत्येक वाक्य पाकात बुडवून काढते. माझी नावाडीण, जी नवऱ्याला बुडताना बघते आणि वल्हं सोडत नाही, ती या बाईच्या तोंडी? मी रस्त्यावर आले. इतकी वर्षं दरवाजे बंद करण्यात गेली, आता एक उघडला होता आणि तो माझ्याच घरातल्या हवेने बंद होत होता.

कोपऱ्यावर लहान बाळांच्या वस्तूंचं दुकान होतं. काचेत, दुपट्यांच्या आणि बाटल्यांच्या मधोमध, एक निळा हत्ती बसला होता. त्याच्या सोंडेतून धुकं येत होतं.

“बाळ केवढं आहे?” दुकानदारणीने विचारलं.

“बरंच मोठं आहे,” मी म्हटलं. “आवाज बसलाय त्याचा.”

“अगं बाई, आत्ताच्या हवेत सगळ्यांचंच असं होतंय. रोज पाणी बदला, आठवड्याला एकदा आतून धुवा. आणि हो, उकळून गार केलेलंच पाणी घाला असं त्यात लिहिलंय, पण कोणी घालत नाही.”

चहा निवायच्या आत सगळं झालं. हत्ती पिशवीत घालून मी घरी निघाले आणि मला असं वाटत होतं की मी काहीतरी पळवून आणलंय. शेजारी लिफ्टमध्ये भेटले तर मी पिशवी पाठीमागे धरली. ताकाला जाऊन भांडं लपवतात, मी हत्ती लपवत होते.

सामानाच्या खोलीत, बॅगांच्या मागे, तो चपखल बसला. दार लावलं की झालं. पहिल्या दिवशी नाक मोकळं झालं. मग जिभेवरचा वाळलेला चिकटा गेला. आठवडा संपायच्या आत मी खाटेवर बसून एक परिच्छेद मोठ्याने वाचला आणि माझाच आवाज मला ओळखू आला. मी रडले. अगदी हमसून, आणि नंतर पुन्हा वाचून पाहिलं, रडून बिघडला तर नाही ना म्हणून.

एक दिवस स्टुडिओतून आले तर हत्तीची टाकी भरलेली होती. मी तर सकाळी रिकामी सोडली होती. मी बाहेर आले. स्वयंपाकघरात सासूबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी मागे न बघता सांगितलं, “पाणी उकळून गार करून घातलंय. तळाला लिहिलंय तसं.”

बस्स, एवढंच. पण त्यानंतर सासूबाईंना इस्त्रीचं वेड लागलं. शर्ट झाले, चादरी झाल्या, मग रुमाल, फडकी. दुपारभर त्या त्या खोलीत. मोजेसुद्धा कडक इस्त्रीचे येऊ लागले. नवरा एकदा कौतुकाने म्हणाला, “आई, केवढं काम करतेस तू!” त्या फक्त म्हणाल्या, “करमतं मला तिथे.” मग माझ्या लक्षात आलं की दर हिवाळ्यात त्यांच्या पदराला लागणारे रक्ताचे ठिपके या वेळी काही दिवसांत दिसले नव्हते. हिवाळाभर त्यांच्या नाकाचा घोळणा फुटायचा, आणि तोपर्यंत मीही त्यांना म्हणत आले होते, आई, पाणी प्या.

पुढच्या रविवारी बैठकीत नवऱ्याने विषय समारोपाला घेतला.

“खोकला थांबला आहे,” तो म्हणाला. “बाबा, काटा?”

“जिथल्या तिथे.”

“म्हणजे हवा पहिल्यापासून ठीक होती. हवेत काही बदल नाही, तरी खोकला गेला. याचा अर्थ,” त्याने माझ्या हातावर हात ठेवला, “याचा अर्थ त्रास मानसिक होता. नवीन कामाचा ताण. त्यात लाजण्यासारखं काही नाही.”

“मी असे पुष्कळ दावे बघतो,” दीर म्हणाले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला ओरडायचं होतं. पण कादंबरीची शेवटची प्रकरणं उरली होती. हत्ती उघडकीला आला तर त्याचीही तुलना होणार, आणि तेवढ्यात माझा घसा परत बसणार. मी कप उचलले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बशीचा जरा जास्तच आवाज करून ती खाली ठेवली.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी पुस्तकाची गत होती. एकच प्रकरण बाकी, म्हातारी शेवटची नाव लावते ते. उद्या ते वाचायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी सासऱ्यांना जुन्या सहकाऱ्यांच्या गाठीभेटींना जायचं होतं. ते काळे बूट घ्यायला सामानाच्या खोलीत गेले आणि बूट हातात घेऊन बाहेर आले.

बुटांवर पांढरी भुकटी होती.

दीर नेमके पेपर मागायला वर आले होते. त्यांनी बुटावरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांसमोर धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांची एखादी भीती खरी ठरली होती. “क्षार!” ते म्हणाले. “मी सांगितलं होतं! घरात थरथरणारा आहे!”

मग सासऱ्यांनी जे माझ्या विनवण्यांनी केलं नव्हतं ते बुटांसाठी केलं. त्यांनी भिंतीवरचा मापक काढला. तो छातीशी धरून ते सामानाच्या खोलीत शिरले. काटा मजेत पन्नाससमोर उभा राहिला. बॅगा बाजूला झाल्या. निळा हत्ती सोंड वर करून शांतपणे धुकं सोडत होता.

त्यांनी तो बाहेर आणला, एका हातात हत्ती, दुसऱ्या हातात मापक. दिवाणखान्यात येईपर्यंत काटा घसरायला लागला. नवऱ्याच्या झोपायच्या खोलीच्या दाराशी तो विसाच्याही खाली गेला. सासरे थांबले. काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. काटा हलला नाही. इतके दिवस मी जे बोंबलून सांगत होते ते तो बिचारा गुपचूप दाखवत होता. मला वाटलं, आता तरी.

“बिघडलाय,” सासरे म्हणाले आणि मापक उपडा ठेवला.

नवरा घरी येताच रविवार नसताना बैठक बसली. हत्ती टेबलाच्या मधोमध, वायर गुंडाळलेली.

“मला न विचारता?” नवरा म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, खराखुरा. “मी एवढा अभ्यास केला आणि तू... हा तर यादीतसुद्धा नाही.”

“खेळणं आहे,” दीर मोबाइलमध्ये बघत म्हणाले. “एकाची सोंड गळाली.”

“हा इथेच राहू दे,” नवऱ्याने ठरवलं. “मी नीट तपासतो. योग्य वाटला तर बघू.”

“उद्या माझं शेवटचं प्रकरण आहे,” मी म्हटलं.

“पण तुझा घसा तर बरा झालाय ना? मग आता गरज कुठे उरली?”

माझ्या डोक्यात सणक गेली. “मी खोकत होते तेव्हा काटा बरोबर होता,” मी म्हटलं. “मी बरी झाले तेव्हाही काटाच बरोबर. आता काटा माझ्या बाजूने बोलला तर तो बिघडला. म्हणजे या घरात कोणीही बरोबर असू शकतं, फक्त मी सोडून. एकदा, एकदा तरी त्या खोलीचं दार उघडून विचारलंस का रे, कशी आहेस म्हणून?”

माझा आवाज स्वच्छ होता, भरलेला, एक टिकसुद्धा नाही. मलाच तो ऐकून बरं वाटलं.

“तुझ्या काळजीनेच तर चाललंय हे सगळं,” नवरा हळू म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं, हेच तर भयंकर.

तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी हत्ती दोन्ही हातांनी उचलला.

“अगं, तो तपासायचाय,” सासरे म्हणाले.

“तपासा सावकाश. हिवाळा संपला की देते.”

“तुला काय करायचाय तो? तुला कुठे त्रास आहे?”

सासूबाई दारात थांबल्या. “दर हिवाळ्यात घोळणा फुटतो माझा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सांगतेय तुम्हाला.”

“मला नाही आठवत,” सासरे म्हणाले.

“नाहीच आठवणार,” त्या म्हणाल्या. “माझी इस्त्री राहिलीय.” आणि त्या सामानाच्या खोलीत निघून गेल्या. थोड्या वेळाने बंद दाराच्या फटीतून धुक्याचा वास आला, ओल्या मातीच्या भांड्यासारखा. सासरे भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी शेवटचं प्रकरण एका दमात वाचलं. ध्वनिमुद्रकाने बटण दाबलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, “एकच बाई.” तुसड्या माणसाच्या तोंडून एवढं म्हणजे हार-तुरेच. त्या दिवशी मी रस्त्याने मिरवत घरी आले.

पुस्तक निघालं, लोकांनी ऐकलं, काहींनी लिहून कळवलं. नवऱ्याने ते कारखान्यातल्या सगळ्यांना ऐकवलं. एकदा तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, “मध्ये घशाचा त्रास झाला होता तिला. पण आम्ही त्यावर पुष्कळ अभ्यास केला.”

अभ्यास पूर्णही झाला. खिडक्या उघडल्या, हीटर बंद झाले, हवा आपोआप मऊ झाली, आणि बैल गेला नि झोपा केला या न्यायाने आमच्याकडे एकमत झालं. मोठं खोकं आलं. तक्त्यात पहिला आलेला, स्वतःच ओलावा मोजणारा, मोबाइलवरून चालणारा पांढराशुभ्र ह्युमिडिफायर नवऱ्याने आमच्या झोपायच्या खोलीत, माझ्या उशीच्या बाजूला लावला. चादर बदलली. मग मला हाताला धरून दाखवायला नेलं.

“बघ,” तो म्हणाला. “आता ये परत इकडे. किती दिवस त्या अडगळीत झोपणार?”

त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मला त्याची दया आली. मी त्या उशीकडे पाहिलं. तिच्यावर डोकं ठेवून, खोकला दाबून, त्याची झोप मोडू नये म्हणून मी श्वास धरून पडत होते, ते आठवलं.

“विचार करते,” मी म्हटलं.

“यात विचार काय करायचा?” त्याने विचारलं. अगदी मनापासून, आश्चर्याने.

मी हसणार होते, पण डोळे भरून आले. त्याला वाटलं आनंदाने. तो यंत्राचा दिवा कोणकोणत्या रंगांचा होतो ते दाखवत राहिला, आणि मी तिथून निघून माझ्या खोलीत आले आणि आतून कडी लावली.